फर्लोवर येणाऱ्या मामेभावासाठी जामीनदार म्हणून सही करावी का?

जेलरोडकर (१२ नोव्हेंबर, रात्री ९:४०)

मंडळी, विषय नाजूक आहे. नावं-गावं विचारू नका.

माझा मामेभाऊ नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात आहे. निफाड तालुक्यातलं गाव, बांधावरून भांडण, हातात फावडं होतं, समोरचा गेला. सदोष मनुष्यवधाखाली सात वर्षं लागली, त्यातली तीन होऊन गेली. आता त्याने फर्लोचा अर्ज टाकलाय आणि जामीनदार म्हणून माझ्या वडिलांचं नाव दिलंय. मामा वारले, मामी गावात एकटी, आणि फिर्यादी बांधाच्या पलीकडेच राहतात. गावचा पत्ता दिला तर पोलीस नाहीच म्हणणार. आमचं घर जेल रोडला. म्हणजे हा सुटणार आणि भिंतीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर येऊन राहणार!

आई म्हणते, सही करा, माझ्या भावाचा पोरगा आहे. वडील प्रेसमधून निवृत्त झाले, आयुष्यात कुणाच्या सोसायटीच्या कर्जालाही जामीन राहिले नाहीत. गेले आठ दिवस ते एकच पेपर सकाळ-संध्याकाळ वाचतायत.

सही केली तर नेमकं काय गळ्यात येतं? तो परत गेलाच नाही तर वडिलांना आत टाकतील का? आणि फर्लो नि पॅरोल यात फरक काय? मला आजवर दोन्ही एकच वाटायचं.

तर्कट

सही करू नका. विषय संपला.

गोदाकाठची_माई

तर्कट, तुमचा विषय दर धाग्यावर पहिल्याच प्रतिसादात संपतो. इतरांना बोलू द्या.

काळा_कोट

फौजदारीची कामं करतो. फुकटचा सल्ला आहे, त्या भावानेच घ्या.

आपल्याकडे दोन्ही रजा १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांखाली मिळतात. सरकारी मराठी नावं बघा, अर्धा फरक तिथंच कळतो. फर्लो म्हणजे संचित रजा, पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. संचित रजा शिक्षा भोगता भोगता साठते, तिला कारण द्यावं लागत नाही. ठरावीक काळ आत काढला, वागणूक नीट असली, की घरच्यांशी संबंध तुटू नये, रोजच्या त्याच त्या आयुष्यातून थोडी मोकळीक मिळावी म्हणून ती देतात. अभिवचन रजेला मात्र कारण लागतं. घरात मृत्यू झाला किंवा मुलाचं, मुलीचं, भावा-बहिणीचं लग्न असलं, तर तातडीची १४ दिवसांची. आईवडील, बायको, मुलं गंभीर आजारी, बायकोचं बाळंतपण, पूर-आगीत घर गेलं, तर नेहमीची.

कैद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक वेगळाच आहे. फर्लोचे दिवस माफीत धरतात, म्हणजे शिक्षेत मोजले जातात. पॅरोलचे मोजले जात नाहीत, तेवढे दिवस मागाहून भरून द्यावे लागतात. म्हणून आतले जुने लोक पॅरोलला 'उसनी रजा' म्हणतात.

मंजुरीही वेगवेगळ्या टेबलावर. फर्लो कारागृह उपमहानिरीक्षक देतात, नाशिकसाठी ते कार्यालय छत्रपती संभाजीनगरला. नेहमीचा पॅरोल विभागीय आयुक्तांकडे, ते इथेच नाशिकरोडला. घरात कुणी गेलं तर तुरुंगाचे अधीक्षकच सोडू शकतात.

आणि हो, यातलं काहीही हक्क म्हणून मिळत नाही. नियमांतच तसं लिहिलंय, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नारायण साईच्या प्रकरणात फर्लोबद्दल तेच पुन्हा सांगितलं. पण हक्क नाही म्हणून अधिकाऱ्याने मनाला येईल तसं नाकारावं, असंही चालत नाही. कारण द्यावं लागतं.

जामीनदाराचं नंतर लिहितो, तारखेला निघालोय.

सीएल_शिल्लक_नाही

म्हणजे फर्लो ही अर्जित रजा आणि पॅरोल ही किरकोळ. आमच्याकडे किरकोळ रजेलाही साहेब आधी "कोण वारलं?" विचारतात. (हलके घ्या.)

शब्दवेडी

जाता जाता, 'अभिवचन' हा शब्द ज्याने घडवला त्याला दाद द्यायला हवी. पॅरोल हा मूळ फ्रेंच, अर्थ शब्द, वचन. युद्धात पकडलेल्या सैनिकाने "पुन्हा हत्यार उचलणार नाही" असा शब्द द्यायचा आणि सुटायचं. सरकारी भाषेला आपण एरवी नावं ठेवतो, पण इथे भाषांतर करणाऱ्याने मुळापर्यंत जाऊन शब्द आणलाय.

तर्कट

शब्दाचं कौतुक चालू द्या. ज्यांनी शब्द मोडला त्यांचंही बोला. वडाळ्यात २०१२ साली एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या पहारेकऱ्याने खून केला. २०१४ ला जन्मठेप झाली. ठेवलं कुठं? आपल्याच नाशिकरोडला. २०१६ च्या फेब्रुवारीत आई आजारी म्हणून पॅरोल मिळाला आणि गडी गेला तो गेलाच. ऑक्टोबर २०१७ मध्ये थेट काश्मिरात सापडला. त्या मुलीच्या आईबापांनी ते दीड वर्ष कसं काढलं असेल? म्हणून म्हटलं, विषय संपला.

काळा_कोट

त्या प्रकरणाने खरंच खूप काही बदललं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नियम कडक झाले, २०१८ मध्ये पुन्हा फेरफार झाले. बलात्कार, दरोडा, अमली पदार्थ, दहशतवाद असल्या गुन्ह्यांतल्यांना नेहमीच्या रजेची दारं बरीचशी बंद झाली. म्हणजे आज जो रजेवर येतो तो चाळणीतून आलेला असतो. तरी चाळणीला भोकं असतात, हे मान्य.

निवृत्त_हवालदार

तेहतीस वर्षं खाकीत काढली, त्यातली बहुतेक ग्रामीणला. कागद कसा फिरतो ते सांगतो.

तुरुंगातून अर्ज निघतो, फिरत फिरत ठाण्याला येतो, ठाण्यातून बीटवर. मग आम्ही गावात जायचं. पोलीस पाटील, शेजारी, फिर्यादी, जामीनदार, सगळ्यांचे जबाब घ्यायचे. जामीनदाराचा सातबारा नाहीतर पगाराचा कागद बघायचा, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारायचं. आणि शेवटी अहवाल.

खरं सांगतो, 'हरकत नाही' असं लिहायला हात कचरतो. कैदी वेळेवर परत गेला तर कोणी पाठ थोपटत नाही. नाही गेला तर साहेबांचा पहिला प्रश्न, "शिफारस कोणी केली होती?" त्यामुळे वाक्यं तयारच असतात. 'पळून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही.' 'गावात शांतता भंग होऊ शकते.' मीही लिहिलीत. एकदा तर घाईत एका अर्धांगवायू झालेल्या माणसाबद्दल पळून जाण्याची शक्यता लिहून मोकळा झालो होतो. साहेबांनी बोलावून विचारलं, "हवालदार, हा पळणार कसा, सांगा जरा." तो कागद मी घरी जाऊन पुन्हा लिहिला.

जेलरोडकर, चौकशीला माणूस येईल तेव्हा वडिलांनी घरी असावं आणि खरं ते बोलावं. "बघू, बहुतेक, साहेब म्हणतील तसं" असं बोललं की अहवाल तिथंच बिघडतो.

सिन्नरची_सुमन

हवालदारसाहेबांनी सांगितलेली वाक्यं मी वाचली आहेत, शिक्क्यासकट. माझ्या भावासाठी मी जामीनदार होते. कोणतं ठाणं ते सांगत नाही. अहवालात लिहिलं होतं, 'जामीनदार महिला असल्याने बंदी तिचे ऐकणार नाही.' मी त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. त्याला शाळेत कान धरून मी नेलाय. फर्लो नामंजूर. भावाने आतूनच हाताने अर्ज लिहून उच्च न्यायालयात पाठवला, तिकडून वकील मिळाला आणि रजा मिळाली, पण त्यात आठ महिने गेले.

मग दोन वर्षांनी आई गेली. तेव्हा तातडीची रजा. कागद वेगाने हलले म्हणतात, तरी तो आला पाचव्या दिवशी. अग्नी मी दिला. दशक्रिया रामकुंडावर. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. अर्धा तास, पाऊण तास. सगळे एकेक वचन देऊन बघतायत, "सुमनकडे लक्ष ठेवू", "घर विकणार नाही". शेवटी गुरुजी म्हणाले दर्भाचा कावळा करू. तेव्हा हा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "आई, मी पळणार नाही. परत जाईन, पुरी करून येईन." कोणी काही म्हणो, कावळा आला.

चौदाव्या दिवशी सकाळी तो गेला. डोक्यावर केसांची खुंटं होती.

गोदाकाठची_माई

सुमन, काय लिहावं सुचेना.

शब्दवेडी

अभिवचन.

परदेशस्थ_पंचवटीकर

मी न्यू जर्सीत असतो. धागा वाचताना पहिले वीस मिनिटं माझा गोंधळ उडाला, कारण इकडे पॅरोल म्हणजे रजा नव्हेच. शिक्षेचा काही भाग आत भोगायचा, मग मंडळासमोर उभं राहायचं, त्यांना पटलं तर उरलेली शिक्षा बाहेर, पण अटींवर. पॅरोल अधिकाऱ्याला भेटायचं, न विचारता राज्याबाहेर जायचं नाही, लघवीची तपासणी द्यायची, काहींच्या घोट्याला पट्टा. अट मोडली की परत आत. आणि तेही सगळीकडे नाही. केंद्रीय गुन्ह्यांसाठी १९८४ च्या कायद्याने पॅरोल बंदच केला, १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना तो नाही. टीव्हीवरच्या मालिका बघून आपल्याकडचे लोक 'पॅरोलवर सुटला' म्हणजे कायमचा सुटला समजतात ते यामुळेच असावं.

काळा_कोट

बरोबर पकडलंत. तुमच्या पॅरोलच्या जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे मुदतपूर्व सुटका. राज्य सरकार उरलेली शिक्षा माफ करू शकतं, अटी घालू शकतं, अट मोडली तर माफी रद्द करून पुन्हा आत घेऊ शकतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४७३.

इथेच तो १४ वर्षांचा घोळ. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे कोर्टात आलेला प्रत्येक नातेवाईक मला ऐकवतो. तसं नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती त्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सुटकेचा विचार करता येत नाही, एवढंच ते कलम सांगतं (जुनं ४३३-अ, आता ४७५). म्हणजे १४ नंतर दार उघडत नाही, दारावर टकटक करता येते. आणि त्या १४ वर्षांत पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस धरायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत गोव्याच्या एका प्रकरणात ठरवलं.

तर्कट

आणि बिल्किस बानो प्रकरणात? २०२२ च्या १५ ऑगस्टला दोषींना हारतुरे घालून सोडले होते.

काळा_कोट

ती सुटका ८ जानेवारी २०२४ ला रद्द झाली. गुन्हा गुजरातचा असला तरी खटला मुंबईत चालून शिक्षा इथे झाली, म्हणून माफीचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हताच. सगळ्यांना परत जावं लागलं. तर्कट, तुमचा राग मला समजतो. पण तो माफीवरचा राग आहे, इथे प्रश्न तीन आठवड्यांच्या रजेचा आहे.

द्राक्षबागवाला

एक शंका. माझा चुलतभाऊ दीड वर्ष आत आहे, केस अजून उभी राहिली नाही. त्याला ही रजा?

काळा_कोट

नाही. कच्च्या कैद्याला फर्लो नाही, पॅरोल नाही. त्याने जामीन मागायचा. नव्या संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्हा असलेल्याला शिक्षेच्या कमाल मुदतीच्या एक तृतीयांश काळ आत झाला की सोडायची तरतूद केलीय, बाकीच्यांना अर्धा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि अंगावर दुसऱ्याही केसेस चालू असतील तरी लागू नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, आत असलेल्या माणसाला वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन केला तरी चालेल.

सीएल_शिल्लक_नाही

अवांतर: एकाच नाशिकरोडला मुक्तिधामही आहे आणि जेलही. रिक्षावाल्याला नीट सांगा.

रविवार_कारंजा

अवांतरात भर: गणपतीच्या आधी जेलच्या विक्री केंद्रातून शाडूची मूर्ती घ्या. कैदी करतात. गेल्या वर्षीच्या आमच्या मूर्तीचे डोळे असे होते की बायको म्हणाली, कुणी तरी बराच वेळ कुणाची तरी वाट बघत रंगवलेत. पैठण्याही विणतात तिथे, पण तो विषय घरात काढू नका.

निवृत्त_हवालदार

करोनातलं कोणीच लिहिलं नाही म्हणून. २३ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तुरुंगातली गर्दी कमी करा. आपल्याकडे मे महिन्यात नियमात भर घालून तातडीचा पॅरोल आला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्यांना ४५ दिवस, साथ संपेपर्यंत पुढे तीस-तीस दिवसांची वाढ. आमच्या हद्दीत एक जण आला होता, त्याने त्या काळात भाजीचा गाडा टाकला, पोरगी शाळेत घातली. परत बोलावलं तेव्हा म्हणाला, "साहेब, मला वाटलं माझी झाली पुरी." त्याची चूक नव्हती. पण तो पॅरोल होता, त्यातला एकही दिवस शिक्षेत धरला नव्हता. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने उरलेल्यांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितलं. गाडा बायको चालवते आता.

दुसरी_बाजू

बराच वेळ वाचतेय. लिहू की नको ठरत नव्हतं.

माझे काका गेले. मारणारा गावातलाच. तो फर्लोवर आला तेव्हा आम्हाला कोणीही कळवलं नाही. जबाब घेतला म्हणे, कोणाचा घेतला माहीत नाही. काकू किराणा दुकानात गेली, तो काउंटरला तेल मोजून घेत होता. काकू पिशवी तिथेच टाकून आली. पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. त्याने काही केलं नाही, बघितलंसुद्धा नाही. पण शिक्षा त्याला झाली होती आणि त्या पंधरा दिवसांत कोंडून आमचं घर बसलं होतं.

रजा देऊ नका असं मी म्हणत नाही. जेलरोडकर, तुमच्या वडिलांनी सही करण्याआधी एकदा बांधाच्या पलीकडच्या घराचा विचार करावा, एवढंच.

तर्कट

मी जे ओरडून सांगत होतो ते तुम्ही हळू सांगितलंत.

जेलरोडकर

दुसरी_बाजू, तुमचा प्रतिसाद काल रात्री आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. सकाळी मामीला फोन लावला आणि म्हणाली, "पोरगं सुटलं तर तू इकडे ये. तो गावाकडे येणार नाही, तालुक्यातही नाही." मामी रडली. तिला वाटलं होतं, निदान घराचा उंबरा ओलांडेल. पण हो म्हणाली.

वडिलांनी मात्र अजून पेपर सोडलेला नाही. काळा_कोट, तारीख झाली असेल तर...

काळा_कोट

झाली, आणि नेहमीप्रमाणे पुढची मिळाली.

जामीनदार सही करतो ती बंधपत्रावर. त्यात रक्कम असते. कैदी वेळेवर हजर झाला नाही तर ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. त्याच्याऐवजी तुम्हाला आत टाकत नाहीत. पण तो पळाला आणि तुम्ही त्याला दडवलंत, जेवूखाऊ घातलंत, तर मात्र तो तुमचा स्वतःचा गुन्हा. म्हणजे वडिलांच्या गळ्यात येतात ते पैसे, ठाण्याच्या चकरा आणि मनस्ताप.

त्याच्या गळ्यात येतं ते जास्त. उशिरा गेला तरी माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापतात, पुढची रजा अडते. गेलाच नाही तर कायदेशीर कोठडीतून पळाल्याचा नवा गुन्हा, न्याय संहितेचं कलम २६२. सातपैकी तीन भोगून झालेला माणूस हा हिशेब करतो. सगळेच करतात असं नाही म्हणत. अटी नीट वाचा: ठाण्यात हजेरी, कुठे राहायचं, कुठे जायचं नाही. गावबंदीची अट आदेशात नसली तरी तुम्ही ठरवलंत ते उत्तम.

नामंजूर झालं तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील, मग उच्च न्यायालय, तुमच्यासाठी मुंबई. नियम मधूनमधून बदलतात, जुन्या छापील पुस्तकावर जाऊ नका.

सिन्नरची_सुमन

आमच्या वेळी बंधपत्र पंधरा हजारांचं होतं. सोबत राहत्या घराचा पुरावा, फोटो, ओळखपत्र न्या. झेरॉक्स दोन नाही, चार. दर टेबलाला एक लागते.

जेलरोडकर (२१ डिसेंबर)

चौकशीला माणूस येऊन गेला. वडील दुपारभर खुर्चीत ताठ बसून होते. त्याने विचारलं, "तो पळणार नाही कशावरून?" वडील म्हणाले, "ते मी कसं सांगू? पण पळाला तर मी तुमच्याकडे स्वतः येऊन सांगेन." तो माणूस हसला आणि तेच वाक्य लिहून घेतलं. हवालदारसाहेब, हे चांगलं की वाईट?

निवृत्त_हवालदार

चांगलं. असं वाक्य साच्यात बसत नाही, त्यामुळे वरचा माणूस वाचतो.

तर्कट

सही झाली म्हणजे. बरं. कळवत राहा.

जेलरोडकर (२ एप्रिल)

उशीर झाला, माफ करा. फर्लो मंजूर झाली, २१ दिवस. तो आला, राहिला, गेला.

सविस्तर लिहायचं होतं, पण खरं म्हणजे विशेष काही घडलं नाही. मामी येऊन राहिली. रोज हजेरीला वडील सोबत जायचे, येताना दोघं चहा प्यायचे. वडिलांनी त्याला केसबद्दल एक शब्द विचारला नाही, त्यानेही सांगितलं नाही. रात्री जेलचे टोले आमच्या घरी ऐकू येतात. इतकी वर्षं राहतो तिथे, माझ्या कधी लक्षात आले नव्हते. तो अंथरुणात पडून मोजायचा. एकदा म्हणाला, "आतून मोठे वाटतात."

आमच्या गच्चीत वडिलांनी हौसेने लावलेला द्राक्षवेल आहे, सात वर्षांत चार घडही धरलेले नाहीत. चौथ्या दिवशी तो वर गेला आणि कपाळाला हात लावून खाली आला. म्हणाला, "काका, तुम्ही याला पानांसाठी वाढवलाय की काय?" वडिलांनी कात्री काढून दिली, तर घेतली नाही. आता छाटायचा नाही म्हणाला, खरड छाटणी एप्रिलात. तेव्हा तो आत. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला, दुपारभर वेलाखाली स्टुलावर उभा राहून एकेक काडी हातात घेऊन तिच्यावरचे कोंबाचे डोळे मोजले आणि जिथे कापायचं तिथे दोरा बांधला. एकूण चौतीस दोरे. वडील खालून स्टूल धरून होते.

शेवटच्या दिवशी दहा मिनिटांच्या रस्त्याला दोघं दोन तास आधी निघाले. रिक्षा नको म्हणाला, मध्येच बंद पडली तर? गेटवर नोंद झाली, तो आत गेला. वडिलांना वाटलं काही सही लागेल, म्हणून ते अर्धा तास उभे राहिले. शेवटी शिपाई म्हणाला, "बाबा, तुमचं काम झालं, जा घरी."

दुसरी_बाजू, तो निफाडकडे गेला नाही. तुम्हाला सांगायचं होतं.

दुसरी_बाजू

वाचलं. धन्यवाद.

द्राक्षबागवाला

छाटणी लांबवू नका. ऊन वाढलं की ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, फूट मार खाते. आणि छाटल्यावर बुरशीसाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी विसरू नका.

जेलरोडकर

गेल्या रविवारी झाली. चौतीस दोऱ्यांपैकी तेहतीस बरोबर कापले. एक वडिलांनी दोऱ्याच्या खाली कापला. तेव्हापासून विचारतायत की पुढच्या मुलाखतीला हे त्याला सांगावं की नको.

निवृत्त_हवालदार

सांगा. आणि वेळेवर हजर झाल्याचा कागद त्याच्याकडून मागवून झेरॉक्स काढून ठेवा. पुढच्या अर्जाला तोच जोडायचा. मूळ कागद कुणाला देऊ नका.